भोंगा कॅप्टन आणि त्याची आई

विमानतळावर सगळे ज्याला कॅप्टनसाहेब म्हणत, त्याला घरात भोंगा म्हणत. नाव आईनेच ठेवलेलं. पाळण्यात असताना त्याने एकदा असा टाहो फोडला म्हणे, की शेजारच्या सायकलच्या दुकानातला माणूस हातातला पाना टाकून धावत आला. पुढे भोंग्याला मिशी आली, खांद्यावर पट्ट्या आल्या, बायको आली, मुलगी झाली. आवाज मात्र होता तिथेच राहिला. जेवताना मीठ मागायचा तेही असं, की दोन घरं सोडून तिसऱ्या घरातल्या बाईचा हात मिठाच्या बरणीकडे जावा.

डोंगरापलीकडच्या गावांना जाणारं वीस-एक माणसांचं, पंख्याचं विमान तो चालवायचा. सकाळी उठला की दात घासत घासत गच्चीवर. मागोमाग डोळे चोळत त्याची मुलगी, बिट्टी. दोघं माना वर करून ढग बघत.

"तो पिंजलेल्या कापसासारखा आहे ना, तो नुसता शोभेचा."

"आणि तो, बाबा? चुरगळलेल्या चादरीसारखा?"

"तो आळशी. दिवसभर लोळत पडणार. त्याच्या पोटातून जायचं म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्याने सायकलवर गेल्यासारखं. बाकी निरुपद्रवी."

"आणि तो डोकं वर काढून उभा आहे तो?"

"त्याच्या वाटेला आपण जात नाही बाई. तो तापट आहे. त्याला लांबूनच नमस्कार."

गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका कान देऊन ऐकत. एकदा त्याच्या भरवशावर खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी गादीच्या खोळी उन्हात टाकल्या आणि दुपारी त्या पिळून घरात न्याव्या लागल्या. संध्याकाळी जिन्यातच गाठला त्याला. "भोंग्या, खरं सांग, विमान तू चालवतोस की तुला कुणी मागे बसवून नेतं?"

तर सांगायची गोष्ट आवाजाची. नोकरीला लागला तेव्हा शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वैमानिकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अरे बाबा, माईकवर असा बोललास तर लोक खिडकीतून उड्या टाकतील. मांजरीच्या पिल्लाला झोपवतोयस अशा आवाजात बोल." भोंग्याने आरशासमोर उभं राहून तो मऊ आवाज कमावला. कमावला तो इतका, की पुढे काही बिघडलं की तोच आपोआप तोंडातून निघायला लागला.

घरी नवीन धुलाईचं यंत्र आलं तेव्हाची गंमत. बायको स्वयंपाकघरात. भोंगा दारात येऊन उभा राहिला आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "कृपया शांत राहावं. न्हाणीघरात थोडं पाणी दिसण्याची शक्यता आहे." ती बाहेर येऊन बघते तर पाणी पलंगाखाली पोचलेलं आणि बिट्टीच्या चपला दाराकडे निघालेल्या. बिट्टी झोक्यावरून पडली, हनुवटीला टाके पडले, तेव्हाही फोनवर तोच सूर. "चिंतेचं काही कारण नाही." बायकोने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "अहो, कुठल्या दवाखान्यात आहात तेवढं सांगा."

तेव्हापासून घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक झालं. भोंगा ओरडतोय तोवर सगळं क्षेमकुशल. मऊ बोलला की पदर खोचायचा.

आता आईचं ऐका. मुलगा इतकी वर्षं लोकांना आभाळातून नेत-आणत होता, पण ही माउली एकदाही त्याच्या विमानात बसली नव्हती. कुणी विचारलं की म्हणायची, "मी याला सायकल शिकताना पाहिलंय. हौदात घातली होती यानं." बहिणीकडे जायचं तर बसने जायची, डोंगर चढून, डोंगर उतरून.

पण त्या वर्षी थोरली बहीण घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि ती खाटेला खिळली. रोज फोनवर रडायची, "एकदा येऊन जा गं, मला तुला बघायचंय." आणि नेमकी डोंगरात दरड कोसळून बसचा रस्ता बंद. राहिलं विमान. आणि विमान म्हणजे भोंगा.

"दुसरा कुणी ड्रायव्हर नाही का रे?" आईने विचारलं.

"ड्रायव्हर नव्हे आई, वैमानिक!"

"तेच ते. दुसरा नाही का?"

शेवटी बहिणीच्या रडण्यापुढे तिचं काही चालेना. बिट्टी शेजारी बसेल तर येते, म्हणाली. बिट्टीला सुट्टीच होती. पण भोंग्याला मनातून धाकधूक. आई आज भ्याली, तर पुन्हा विमानाच्या पायऱ्या चढायची नाही. आणि मावशी काही आता उठून इकडे येणार नव्हती.

विमानात तो स्वतः तिचा पट्टा लावायला गेला, तर तीच दचकली. "तू इथे काय करतोयस? पुढे कोण बघतंय?"

उड्डाण झकास झालं. आई डोळे मिटून, बिट्टीचा हात धरून बसलेली. डोंगर जवळ आला आणि समोर ढगाची लांबलचक चादर पसरलेली दिसली. भोंग्याने सवयीने माईक उचलला आणि सवयीनेच बोलला, लोण्यासारखं. "प्रवाशांना नम्र विनंती. पुढे थोडे ढग आहेत. विमानाला किंचित हादरे बसण्याची शक्यता आहे. चिंतेचं काही कारण नाही."

बाकीचे प्रवासी निवांत. आईचे डोळे मात्र खाडकन उघडले. बिट्टीचा चेहरा पांढराफटक.

"आजी," ती हळूच म्हणाली, "बाबा मऊ बोलले."

झालं! आईने पट्टा सोडला आणि उभीच राहिली. हवाईसुंदरी धावत आली, तर आईने तिचं मनगटच धरलं. "बाई गं, खरं काय ते सांग. काय मोडलंय?"

क्षणभराने भोंग्याच्या कानात हवाईसुंदरीचा आवाज आला. "सर, तुमच्या आई उतरायचं म्हणतायत."

"कुठे?"

"इथंच. नाहीतर परत फिरवा म्हणतायत. बसायलाच तयार नाहीत, माझा हातही सोडत नाहीत. मुलगी रडतेय, आणि तिच्याकडे बघून आता बाकीचे पण..."

ढग समोर येऊन ठेपलेला. आई उभी. भोंग्याने पुन्हा माईक उचलला, मऊ आवाजात 'कृपया' म्हणणार, एवढ्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला. आता आणखी मऊ बोललो तर मेलोच! त्याने विमान शेजारच्या सहवैमानिकाकडे सोपवलं, छाती भरून श्वास घेतला, आणि म्हाताऱ्या गुरूची मनात माफी मागून भोंगा सोडला.

"आईऽऽ! अगं काही मोडलेलं नाहीये! नुसता ढग आहे, आळशी मेला! खाली बस आधी! बिट्टे, रडतेस काय वेडाबाई? आजीचा पट्टा लाव! आणि आई, त्या पोरीचा हात सोड, तिला बसू दे! मावशीकडे आज नेतो म्हणजे नेतो!"

सहवैमानिकाने दोन्ही खांदे कानांपर्यंत नेले. मग आईचा मोठा सुस्कारा ऐकू आला आणि ती मटकन बसली.

"ओरडतोय," शेजारच्या गृहस्थांना तिने समाधानाने सांगितलं. "म्हणजे सगळं ठीक आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, आम्हालाही असंच सांगत जा हो!" आणि सगळं विमान खो खो हसायला लागलं. हसता हसताच ढगात शिरलं. खडखड झाली, डुलणं झालं. आईने खिडकीला नाक लावलं. बाहेर नुसता पांढरा धूर.

"एवढंच असतं होय आत?" ती बिट्टीला म्हणाली. "मी उगाच इतकी वर्षं लांबून भीत बसले."

परतीचं उड्डाण संध्याकाळी होतं, म्हणून मावशीच्या घरापर्यंत भोंगाच पिशव्या घेऊन गेला. मावशी उशांना टेकून बसलेली. धाकटीला दारात बघितलं आणि तिने दोन्ही हात पुढे केले. दोघी गळ्यात गळा घालून मनसोक्त रडल्या. मग डोळे पुसत मावशीने विचारलं, "भीती नाही वाटली गं? ढगातून आलीस म्हणे."

"भीती कसली? आत शिरलं की काही नसतं, नुसता धूर," आई पदराने तिचं तोंड पुसत म्हणाली. "तू आधी पायावर उभी राहा बघू. मग मी नेते तुला विमानातून."

पिशव्या हातात तशाच धरून भोंगा दारात उभा होता. त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.