रोडग्यावरून बंद पडलेली चार खाती

“सर, मी म्हणजे तुम्हीच आहा, असं लिवलं आहे इथं!”

वैशालीताईंचा फोन आला तेव्हा मी नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो. मी बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वैशालीताई जवळच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांचा फोन आला की आधी जयभीम, मग घरची चौकशी, मग काम. त्या दिवशी जयभीमही नाही आणि चौकशीही नाही.

“कुठं लिवलं आहे?”

“माह्या पानावर. लाल चौकटीत. ‘हे कठपुतळी खाते असल्याने कायमचे बंद केले आहे.’ खाली सूत्रधार म्हणून तुमचं नाव. भाऊराव न् रफिकभाईच्या पानावरही हेच आहे.”

मी शिक्का बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटर लावला. माझ्या पानावरही लाल चौकट होती.

आधी हा उद्योग काय आहे ते सांगतो. इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे. तो कोणीही लिहू शकतं आणि दुसऱ्याचं लिहिलेलं कोणीही सुधारू शकतं. पगार कोणालाच नाही. लिहायचं तर आपलं खातं उघडायचं. प्रत्येक लेखामागे आणि प्रत्येक खात्यामागे एक चर्चापान असतं, तिथं लिहिणारे वाद घालतात. काही अनुभवी स्वयंसेवकांना खाती बंद करण्याचा अधिकार असतो, त्यांना प्रचालक म्हणतात. आणि कठपुतळी खाती म्हणजे एकाच माणसानं चार नावांनी खाती उघडून आपल्याच म्हणण्याला गर्दी जमवायची. त्या जगात याहून मोठा गुन्हा नाही. बोगस मतदानच समजा.

आम्ही चौघं दर रविवारी कॉलेजच्या वाचनालयात बसून लिहायचो. मी, वैशालीताई, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर भाऊराव आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे रफिकभाई. आजूबाजूच्या गावांबद्दल ज्ञानकोशात एकेक ओळ होती, ती वाढवायची हा आमचा कार्यक्रम. त्यातच वैशालीताईंनी ‘रोडगे’ हा लेख लिहिला. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि वरण, वांग्याच्या भाजीबरोबर हाणायचे. आमच्याकडं शेतातलं जेवण म्हटलं की रोडगे. ताईंचा तो पहिलाच मोठा लेख. शाळेत सगळ्यांना त्यांनी मोबाइलवर दाखवला होता.

त्यावर ‘तळटीप’ नावाच्या प्रचालकानं प्रस्ताव मांडला. हा पदार्थ बाटीच आहे, तेव्हा हा लेख बाटीच्या लेखात विलीन करावा. म्हणजे रोडग्याचं पान जाणार आणि बाटीखाली दोन ओळी उरणार.

पुढच्या रविवारी वाचनालयात खरा रोडगा कोणता यावरून आमच्यातच जे भांडण झालं, ते बाहेर चहाच्या टपरीपर्यंत ऐकू गेलं असेल. पण आमच्याकडची रीत अशी की सोयरिकीच्या बैठकीत आतल्या खोलीत कितीही खडाजंगी होऊ दे, बाहेरच्या पाहुण्यांपुढं शब्द एकच जायचा. आम्ही तेच केलं. भांडून झाल्यावर एक वाक्य ठरवलं, ‘रोडगे हा स्वतंत्र पदार्थ असल्याने लेख विलीन करू नये’, आणि चौघांनी ते पाठोपाठ चर्चापानावर टाकलं. कॉलेजच्या एकाच वाय-फायवरून.

तळटीपला त्यात चार माणसं दिसली नाहीत, एकच दिसला, आणि सगळ्यांत जुनं खातं माझं म्हणून तो मी. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य मॅडमनी बोलावलं.

“आपल्या कॉलेजचं इंटरनेट ब्लॅकलिस्ट झालंय म्हणे?”

“फक्त ज्ञानकोशात लिहिता येत नाही मॅडम. वाचता येतं.”

“कारण?”

“रोडगे.”

मी सगळं सांगितलं.

“हे पुढच्या रविवारपर्यंत मिटवा. नाहीतर तुमचा ग्रुप बंद. कॉलेजच्या नावाशी खेळ नको.”

मॅडमच्या बोलण्याचं मला फार वाटलं नाही. वाईट वाटलं ते संध्याकाळी, वैशालीताई वाचनालयात आल्या तेव्हा. मुख्याध्यापकांनी ती लाल चौकट स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली होती. वर म्हणाले होते, “मॅडम, लेख तुमचा नाही, तर आम्हाले दाखवला काऊन?”

“मले खोटी ठरवलं सर,” ताई म्हणाल्या. “लेख गेला तर गेला. पण मी मीच आहे, हे कोणाले न् कसं सांगू?”

मला संताप आला. माझ्या नावाचं मला काही नव्हतं, मी असल्या वादांना सरावलोय. पण या बाई शाळा, घर, स्वयंपाक उरकून एकेक ओळ पारखून लिहीत होत्या, आणि त्यांना कोणी माझी बाहुली म्हणतो म्हणजे काय!

बंद खात्याला एक सवलत असते. स्वतःच्या चर्चापानावर आपली बाजू मांडता येते. मी मोबाइलवरून तळटीपला लिहिलं, “आम्ही चार वेगळी माणसं आहोत. चौघांचा फोटो पाठवू का? ओळखपत्रं?”

उत्तर आलं, “ओळखपत्रं आम्ही मागत नाही आणि बघतही नाही. येथे माणूस त्याच्या लेखनावरून ओळखला जातो. चार माणसांनी एकाच जोडणीवरून एकच वाक्य लिहिले आणि चौघांत तिळाइतकाही मतभेद नाही, हे मला पटत नाही.”

हे वाचून मला हसूच फुटलं. मतभेद नाही म्हणे! मी लगेच भाऊरावांना फोन लावला.

“भाऊराव, रविवारी वैशालीताईंना काय काय बोलला होता, ते आठवते का?”

“आठवते ना. काऊन?”

“ते सगळं आपापल्या चर्चापानावर लिवा. घरून, स्वतःच्या मोबाइलवरून.”

“समद्याइदेखत? अन् माह्या बोलीत? पुण्याचे लोकं हसतीन ना बे.”

“हसू द्या. पण लिवा.”

बाकी दोघांनाही तेच सांगितलं. काय लिहायचं ते मात्र कोणालाच सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर मी खरोखरच सूत्रधार ठरलो असतो.

सुरुवात भाऊरावांनी केली. “रोडग्याले पदर पायजे. पोळी लाटा, तेल लावा, घड्या घाला, मंग गोळा करा. ज्याले पदर नाही तो रोडगा नाही, नुसता गोळा आहे. म्या आयुष्यभर गावोगाव जेवलो, मले शिकवू नका.”

ताईंचं उत्तर थोड्याच वेळात त्यांच्या पानावर आलं. “पदराले तेल लागते भाऊराव. ज्याच्या घरी तेल नव्हतं त्यानं रोडगे खाल्लेच नाही का? माह्या माहेरी बिनपदराचेच होते, न् त्याले आम्ही रोडगेच म्हणत होतो. लेखात फक्त तेलवाल्याइचे रोडगे येतीन, तर तो लेख मले नको.”

रविवारी आमच्या गोंगाटात हे वाक्य मी नीट ऐकलंच नव्हतं. पानावर ते एकटं उभं होतं. मी दोनदा वाचलं.

भाऊराव अडून बसले. ताई हटल्या नाहीत. आणि मग रफिकभाई उतरले, ते थेट शत्रूच्या बाजूनं. “सच बात सांगू का? रोडगा न् बाटी सगे भाऊ आहेत. आर तोच, कणीक तीच. तळटीपसाहेब चुकले नाहीत. मी त्या दिवशी मोठ्याइचा मान राखून गप बसलो होतो.”

यावर ताई आणि भाऊराव एक होऊन रफिकभाईंवर तुटून पडले. मग पदरावरून पुन्हा आपापसात. पानं लांबत गेली. शेवटी तळटीपला राहवलं नाही. तो मध्ये पडला आणि दोन्ही बाजूंना छापील संदर्भ मागू लागला. कारण ज्ञानकोशात ‘माझ्या माहेरी होतं’ हे कितीही खरं असलं तरी चालत नाही, ते कुठंतरी छापलेलं असावं लागतं. इथं मात्र माझी नोकरी कामाला आली. वाचनालयातल्या वऱ्हाडी खाण्यावरच्या एका पुस्तकात पदराचे रोडगे निघाले आणि मजुरीच्या आठवणींच्या एका संग्रहात बिनपदराचे. मी दोन्हींचे पान क्रमांक माझ्या चर्चापानावर नोंदवले आणि बाजूला झालो.

शनिवारी वैशालीताईंच्या पानावरची लाल चौकट गेली होती. तिच्या जागी तळटीपनं लिहिलं होतं, “आपण आपणच आहात. एकटा माणूस स्वतःशी इतके भांडू शकत नाही. चूक माझी झाली, क्षमस्व.” विलीनीकरणाचा प्रस्तावही त्यानं मागे घेतला. लेखात ‘पदराचे आणि बिनपदराचे’ असा नवा भाग आला आणि रफिकभाईंच्या हट्टापायी ‘बाटीशी साम्य’ हाही आला. पुढं हा लेख ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावर झळकला. भाऊरावांनी तो ओळखीच्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरला पाठवला.

ताईंनी ती माफी स्टाफरूममध्ये उभं राहून वाचली. मुख्याध्यापकांनाच ऐकवायची होती, पण सगळ्यांनीच ऐकली. वाचून झाल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, पदराचेच खरे रोडगे, बरं का.” ताई सांगतात, त्या क्षणी आपण जिंकलो हे त्यांना कळलं. लेख कोणाचा हा प्रश्न संपला होता, वाद आता रोडग्यांवर आला होता.

कॉलेजचं वाय-फाय सुटलं. मॅडमनी ग्रुपला मोठं टेबल दिलं. माझं खातं तेवढं बंदच राहिलं. मी विचारलं तेव्हा तळटीपनं कळवलं, “तिघे भांडले. आपण फक्त संदर्भ दिले, मत एकही दिले नाही. आपल्याबद्दल थोडी शंका उरते.”

मग मी लिहिलं, “रोडग्याबरोबर तूप पाहिजे. वांग्याच्या भाजीची काही गरज नाही.”

चहा व्हायच्या आत तिघांनीही मला विरोध नोंदवला. रफिकभाईंनी तर ‘असं बोलणारा माणूस बुलडाणा जिल्ह्याचा नाहीच’ असं लिहिलं. लगेच माझं खातं उघडलं. तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगतो, इथं एकमत शेवटी दाखवायचं. आधी दाखवलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.