दोन पांढऱ्या रेषा

एक्स-रे विभागात फिल्मपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फिल्म तरी पेशंट घरी घेऊन जातात, किस्से आमच्या गळ्यात!

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या आमच्या हॉस्पिटलात छातीच्या तपासणीचं, मॅमोग्राफीचं मशीन आलं. मी टेक्निशियन. बायका यायच्या त्या कॅन्सरच्या धास्तीनंच.

कांदिवलीच्या एका रिटायर्ड शिक्षिकेच्या फिल्मवर पांढरे ठिपकेच ठिपके! मला वाटलं, कॅन्सरच! आमच्या डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, "पावडर लावून आलात का?"

"मग! डॉक्टरांकडे घामट अंगानं यायचं?"

अंग पुसून परत फिल्म काढली. एकदम स्वच्छ! मला इतकं हायसं वाटलं की त्यांच्यावर ओरडायचंच विसरले.

*

कधीकधी फिल्मवर रुळांसारख्या दोन बारीक पांढऱ्या रेषा दिसत. रक्तवाहिनीत साठलेलं कॅल्शियम ते, कॅन्सर नव्हे. पण डायबेटिसमध्येही ते साठतं, म्हणून डॉक्टरबाई हमखास विचारायच्या, "शुगर आहे?"

एक मालवणी आजी ठामपणे म्हणाल्या, "नाय!"

नवरा म्हणाला, "अगो, चार वर्सां गोळ्या कसल्या खातंस?"

"खातंय मां! मगे साखर खंय रवतली?"

*

रेषा दिसल्या म्हणजे डायबेटिस असतोच असंही नाही. घाटकोपरच्या एका मावशींना शुगर तपासायला सांगितलं, तर त्यांनी भीतीनं त्याच दिवशी गोड सोडलं. आठवड्यानं रिपोर्ट घेऊन आल्या. नॉर्मल! आम्ही अभिनंदन केलं, तर बाई भडकल्याच.

"मधे पुतणीचं लग्न झालं! ते श्रीखंड आता कोण देणार, तुम्ही?"

*

वर्सोव्याच्या एक कोळीणबाई आल्या. साठीच्या पुढच्या, सोबत सून. छातीत गाठ लागली म्हणून महिनाभर घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. दागिने काढा म्हणायला गेले, तर अंगावर सोन्याचा मणी नाही. सुनेच्या हातात मात्र जाडजूड पाटल्या, आणि तिला रडू आवरेना. खरं सांगते, फिल्म धुताना मीही देवाचं नाव घेत होते.

डॉक्टरबाईंनी फिल्म बघितली, गाठ हातानं तपासली, पुन्हा फिल्म बघितली. "साधी गाठ आहे, पाण्याची. सुईनं पाणी काढून टाकू. पण या दोन रेषा दिसतात ना? शुगर तपासून घ्या."

"कॅन्सर नाय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. शुगर मात्र निघेल कदाचित."

"निघू दे!" बाई ताडकन उठल्या आणि सुनेपुढे हात पसरला.

"कमल, काढ गो माज्या पाटल्या!"