एका गावाचे दोन नकाशे

मला मदत केली ती शेजारच्या ट्रेसरबाईंनी. हे अगोदर लिहून ठेवते, कारण सांगण्याच्या ओघात मी भावाबद्दलच बोलत बसेन आणि बाई राहून जातील. माझं असंच होतं. सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला लिहायला बसलं की धाकधूक असते, महत्त्वाचं आधी उरकून घ्यावंसं वाटतं.

बाई पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात होत्या. साहेबलोकांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद टाचायचा आणि रेघेवर रेघ उतरवून घ्यायची, हे त्यांचं काम. येलदरीच्या कॉलनीत आमच्या खोलीला लागून त्यांची खोली. एकट्या राहायच्या. एकट्या का, हे त्यांना तोंडावर कुणी विचारत नव्हतं, पाठीमागं सगळेच विचारत होते.

मी लग्न होऊन तिथं गेले तेव्हा मला अठरावं नुकतंच लागलं होतं. नवरा वीजघरात हेल्पर. माझं गाव पाथरीच्या पुढं चार कोसांवर. जिल्हा एकच, पण गाड्या बदलत सकाळी निघालेलं माणूस दिवेलागणीला पोचायचं, तेही देवगाव फाट्यावर पुढची गाडी सापडली तर. नामांतराचे दिवस होते. कधी बंद, कधी मोर्चा, गाड्या फाट्यावरच उभ्या राहायच्या. येलदरीला धरणाचं पाणी एवढं, की पलीकडचा काठ नीट दिसायचा नाही. मला वाटायचं, माझं माहेर त्या पलीकडं कुठंतरी आहे. खरं तर ते उलट्या दिशेला होतं.

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. माझी शाळा सुटली त्या वर्षी त्यानं एक खेळ काढला, मला घरात करमत नाही म्हणून. ओसरीच्या फरशीवर खडूनं एक गाव काढायचा. मधे देऊळ, एका अंगाला बारव, एक वेस, गल्ल्या आणि बंद घरं. त्या गावातली सगळी माणसं एका सकाळी उठून निघून गेलेली, आणि ती का गेली हे मी शोधायचं. मी वैदीण, झोळीत पाला आणि मुळ्या. बाकी सगळं तो: चोर, भुतं, बोलणारा बोकड, दारामागचा आवाज. मी एखाद्या घरावर बोट ठेवून म्हणायचे, "ह्याच्यात जायलेय." मग तो चार फोडलेले चिंचोके फेकायचा. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या तर दार उघडायचं, काळ्या पडल्या तर आतून काहीतरी अंगावर यायचं. आई आतून ओरडायची, "वैदीणबाई, म्हशीला पानी दाखवलं का?"

चार वर्षं तो डाव चालला. लग्नाच्या आधल्या आठवड्यात आम्ही ते गाव वहीच्या कागदावर उतरवून घेतलं. त्यानं त्याचं काढलं, मी माझं. मांडवाच्या गडबडीत दोन्ही कागद शेजारी ठेवून बघावेत हे कुणालाच सुचलं नाही. ठरलं ते एवढंच की मी पत्रातून चाल लिहायची, त्यानं माझ्या वतीनं चिंचोके टाकायचे आणि काय झालं ते कळवायचं. पडलेलं दान तो खोटं लिहील, अशी शंका मला कधी आली नाही.

पहिली चार-पाच पत्रं छान गेली. मी देवळात शिरले, बारवेत उतरले. घरचं म्हणून तो वेगळं काही लिहायचा नाही. पोरगं ते, त्याला कुठलं सुचतंय. पण दारामागचा आवाज आमच्या आईसारखा खोकायचा. बोकड सांगायचा, "म्हैस आटली. कैऱ्या औंदा कमीच लागल्यात." मी ते पत्र दोनदा वाचायचे, एकदा खेळासाठी, एकदा घरासाठी.

मग गडबड सुरू झाली. मी लिहिलं, बारवेपासून वरच्या अंगाला तिसऱ्या घरात जाते. त्याचं उत्तर, "तिथं घर न्हाई, तिथं वेस हाय. तू गावाबाहेर पडलीस." मी लिहिलं, माझ्या कागदावर घर आहे. पुढच्या पत्रात मी डावीकडची गल्ली धरली. तो म्हणाला, तिकडं भिंत हाय. मी माझा नकाशा आंतर्देशीय पत्रात काढून पाठवला, तर भांडण आणखी वाढलं. शेवटी त्याचं पत्र आलं, तीन ओळींचं. "अक्का, तू नकाशा बदलायलीस. लगीन झाल्यावर लबाडी शिकलीस. डाव मोडला, आता पत्र टाकू नको."

पंचमीला दीड महिना होता. लग्नानंतरची पहिली पंचमी. मुराळी म्हणून, म्हणजे मला माहेरी न्यायला, तोच येणार होता. एका खेळावरून कुणी बहिणीला न्यायचं थांबत नाही, हे आज कळतं. तेव्हा मी ते पत्र नवऱ्यापुढं धरलं. नवरा हसला. "अगं, पोराचा खेळ त्यो. चार दिसांत विसरंल."

मला भीती त्याचीच होती. तो विसरेल. मग बोकडही बोलायचा नाही, दारामागं कुणी खोकायचंही नाही, आणि घरचं मला कोण सांगणार?

रविवारच्या दुपारी बाई आमची चाळणी परत द्यायला आल्या. मी सगळी पत्रं आणि नकाशा खाली मांडून बसले होते.

"काय गं, कुठलं धरण बांधतेस?"

मी सांगून टाकलं. हसतील असं वाटलं होतं. बाई चाळणी बाजूला ठेवून खाली बसल्या, चष्मा चढवला.

"भाऊ लबाड आहे का?"

"न्हाई हो बाई."

"तू?"

"न्हाई."

"मग कागद लबाड आहे. बघू."

त्या म्हणाल्या, कामावरून तक्रार आली की साहेब पहिल्यांदा ट्रेसरवर ढकलतात. मग त्या एकेक गोष्ट तपासून बाजूला काढतात. सगळं एकदम बदलायचं नाही, बदललं तर चूक कुठं होती ते कधीच कळत नाही.

आधी पत्रांवरचे टपालाचे शिक्के बघून आणि मी कुठलं पत्र कधी टाकलं ते विचारून त्यांनी पत्रं लावली. माझ्या एका पत्राची आणि त्याच्या उत्तराची वाटेतच चुकामूक झाली होती. तो आधीच्या चालीवर बोलत होता आणि मी पुढच्या. एक भांडण तिथंच मिटलं. मग त्यांनी त्याचं एक आंतर्देशीय उचललं. मी घाईनं फाडलेलं, कडेची अख्खी ओळ डिंकाला चिकटून गेलेली. "तूही ह्यातच नकाशा पाठवलास ना? त्याची एक गल्ली अशीच फाटून गेली असेल. नकाशा पाकिटातून पाठवावा." तेही पटलं. पण भिंतीचा आणि वेशीचा उलगडा होईना.

"त्याचा कागद बघितल्याशिवाय भागायचं नाही," बाई म्हणाल्या. मी पत्र टाकून त्याचा नकाशा मागवला. आठ दिवसांनी नुसतं कार्ड आलं. "नकाशा देनार न्हाई. बघून तू तुझा तसाच करशील." निदान उत्तर तरी आलं, म्हणून मी ते कार्ड छातीशी धरलं. पण कार्ड म्हणजे उघडंच. पोस्टमननं देतानाच विचारलं, "वहिनी, कसला नकाशा? जमिनीचा वाद हाय का भावाबहिणीत?" संध्याकाळपर्यंत वीजघरात पसरलं की हेल्परची बायको माहेरच्या जमिनीत हिस्सा मागायलीय. नवरा घरी येऊन म्हणाला, "बघ, तुझ्या बोकडापायी मला आज तिघांनी वकील सुचवला."

मी हसले नाही. बाईंकडं गेले आणि म्हणाले, राहू द्या आता. एवढा राग आहे तर राहू द्या.

बाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "खेळताना तुम्ही दोघं कसे बसत होतात?"

"कसे म्हणजे? ओसरीवर. तो दाराकडं पाठ करून, मी..."

"शेजारी-शेजारी?"

"न्हाई. समोरासमोर. मधे गाव."

बाईंचा हात थांबला. पीठ झटकून त्या उठल्या, मला घेऊन आमच्या खोलीत आल्या आणि माझा नकाशा जमिनीवर ठेवायला लावला. "बस, तशीच बस जशी बसत होतीस." मी बसले. मग त्यांनी कागदाला पिठाचा हात न लावता मला खांद्याला धरून उठवलं आणि पलीकडच्या बाजूला नेऊन बसवलं. "आता वाच त्याची पत्रं."

बारवेच्या वरच्या अंगाला वेस होती. डावीकडं भिंत होती. त्याचं प्रत्येक पत्र खरं होतं. मी माझ्या बाजूनं दिसलेलं गाव कागदावर काढलं होतं, त्यानं त्याच्या बाजूनं. माझं वरचं ते त्याचं खालचं, माझं डावं ते त्याचं उजवं. ओसरीवर आम्ही वर, खाली, डावं, उजवं असं चार वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. तशी गरजच नव्हती. बोट ठेवलं की झालं. आता मी बोट येलदरीत ठेवत होते आणि ते त्याला दिसत नव्हतं.

मला रडू कोसळलं. कोडं सुटल्याचा आनंद असेल असं बाईंना वाटलं असावं. पण मी त्याच्या जागी बसले होते, आणि समोरच्या माझ्या जागेवर कोणीच नव्हतं. आमच्या ओसरीवर तो रोज हेच बघत असणार. एवढे महिने मला वाटत होतं, लांब गेले ती मी एकटीच. त्याच्यापासूनही कुणीतरी लांब गेलं होतं, हे ध्यानातच आलं नव्हतं.

"पुरे," बाई म्हणाल्या, "नकाशावर पाणी पडलं की माझी नोकरी जाते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या खोलीतून आणलेल्या पारदर्शक कागदावर माझं गाव उतरवलं. नुसत्या रेघा, गावात अक्षर एकही नाही. अक्षरं असली की माणूस तीच बाजू सरळ धरतो, त्या म्हणाल्या. कोपऱ्यात फक्त बारीक तारीख आणि चुलीकडची बाजू दाखवणारा एक बाण. पत्र मी लिहिलं. "हा कागद तुझ्या नकाशावर ठेव. जमला न्हाई तर अर्धा फिरव. मग माझ्या जागी जाऊन बस." बाईंनी वाचलं, एक शब्दही बदलला नाही, आणि पाकिटाची कड आपल्या हातानं चिकटवली.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. पोस्टमन लांबूनच हात हलवायचा, "न्हाई वहिनी, कोर्टाचं काय आलं न्हाई."

अकराव्या दिवशी पाकीट आलं. आत तोच पारदर्शक कागद, त्यावर निळ्या शाईनं त्याच्या रेघा, माझ्या रेघांवर बरोबर बसलेल्या. खाली लिहिलं होतं, "अक्का, तुझ्या जाग्यावर बसून बघितलं. तिथून चूल दिसती, म्हनून तू खेळताखेळता उठून दूध उतरवायचीस व्हय. मला वाटायचं हरायला लागली की पळती. तीन पांढरे पडले, दार उघडलंय. बोकड म्हनायलाय, आई रात्रीची खोकत न्हाई आता. पंचमीला मी येतो. तयार राहा, फाट्यावर दोनची गाडी गाठायचीय."

तो आला. गाडी फाट्यावर दोन तास उशिरा मिळाली, आणि ते दोन तास आम्ही रस्त्याच्या कडेला एका दगडावर शेजारी-शेजारी बसून काढले.

येलदरीहून निघताना बाईंच्या पाया पडले तेव्हा त्या भावाला म्हणाल्या, "आलास का? बरं केलंस. न्यायला येणारं माणूस असलं की बाईची चाल वेगळी पडते." आम्ही येलदरीला होतो त्या दोन वर्षांत त्यांना न्यायला कधीच कुणी आलं नाही. पंचमीला कॉलनी अर्धी रिकामी व्हायची आणि त्या कार्यालयात जाऊन बसायच्या, सुट्टी असली तरी.

पुढं नवऱ्याची बदली झाली. आम्ही आता सह्याद्रीच्या पलीकडं राहतो, तिथून पाथरी म्हणजे दोन दिवसांचं काम. बाईही येलदरीहून गेल्या. कुठं, ते त्यांच्या कार्यालयात विचारलं तर नीट कुणी सांगत नाही. कार्यालयाच्या पत्त्यावर टाकलेली दोन पत्रं वापस आली, तिसरं टाकलंय. पत्ता लागला की मी स्वतः जाणार, त्यांची पिशवी माझ्या हातात घेणार आणि त्यांना आमच्या गावी नेणार. भावाला सांगून ठेवलंय. आठ दिवस त्यांनी ताटावरून उठून पाणीसुद्धा घ्यायचं नाही. हे माझं त्यांना देणं आहे आणि ते मी देणार.