“थोडंसं दिलं तर काय होतंय?”

धाकटे, तू तेव्हा जन्मलीच नव्हतीस, आणि थोरल्याला आठवत असलं तरी तो कबूल करणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

तुझ्या जन्मासाठी तुमची आई माहेरी गेली होती आणि हा पाच वर्षांचा गृहस्थ वटार गावी माझ्याकडे होता. त्याच्या कोपरांवर आणि गुडघ्यांच्या मागे लाल चट्टे उठायचे. झोपेत तो रक्त येईपर्यंत खाजवायचा. सगळी मलमं लावून झाली होती. शेवटी वसईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध, गहू आणि अंडं पूर्ण बंद करा. चट्टे गेले की एकेक परत द्या, म्हणजे गुन्हेगार सापडेल. मध्ये एक घास जरी चुकला, तर सगळं पहिल्यापासून.

हा मुलगा पाव, बिस्किट, दूध आणि ऑम्लेट यांखेरीज काही खातच नव्हता. आपलं घरचं जेवण सगळं चालणारं: तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण, वाडीतली केळी. त्याला त्यातलं काही नको. “मासा माझ्याकडे बघतोय,” म्हणाला. मी डोकं काढून टाकलं, तर “आता त्याला डोकंच नाही” म्हणून रडला. सुरुवातीला नुसता भात आणि बटाट्याच्या काचऱ्या. पुढे केळं गेलं, मग गुळाबरोबर भाकरी.

त्याचा मला राग नव्हता. पाच वर्षांच्या माणसाकडून अक्कल कोण मागतं? राग मोठ्यांचा. आपल्याकडे कोणाच्या ओटीवर पाय ठेवला की तोंडात काहीतरी घातल्याशिवाय सुटका नाही, आणि वैद्यकी तर प्रत्येकाला पाठ. समोरची म्हणाली, “गाईचं बंद केलंत ना, मग म्हशीचं द्या.” एक निवृत्त मास्तर म्हणाले, आमच्या वेळी ॲलर्जी नव्हती. त्यांच्या वेळी पुष्कळ गोष्टी नव्हत्या; मास्तरांना वाचनाची सवयही त्यांतलीच असावी. तुमच्या आईनं कुठल्याशा मातांच्या ग्रुपवर वाचून ग्लूटेन-फ्री बिस्किटं पाठवली. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायची तसदी मीच घेतली: दुधाची पावडर. ती बिस्किटं कोंबड्यांना घातली. त्यांनीही फारसा उत्साह दाखवला नाही.

पण पहिला मान तुमच्या आजोबांच्या बहिणीचा.

“वहिनी, थोडंसं दिलं तर काय होतंय? पोराचे हाल करता.”

“विष थोडंसं देतात का?”

“बघा! इंग्रजी शिकलेल्या बाईशी बोलायची सोय नाही.”

चट्टे फिके पडले, तो रात्रभर झोपू लागला. येत्या आठवड्यात दूध सुरू करायचं ठरलं होतं. नेमक्या त्या रविवारी राजोडीला या बाईंच्या नातीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनची पार्टी. मी त्याचा भाताचा डबा घेऊन गेले. तो गरम करून आणायला वळले, तेवढ्यात बाईंनी त्याला मांडीवर घेतलं. “आजीला सांगायचं नाही हं, राजा,” एवढं ऐकू आलं. मागे पाहिलं तर तिची बोटं त्याच्या तोंडात आणि बोटांना केकचं क्रीम. इतक्या आठवड्यांची मेहनत गेली असंच मला वाटलं.

आणि त्यानं तो सगळा घास तिच्या नव्या रेशमी साडीवर थुंकला. “यात मनुका आहेत!”

त्याच्या नखऱ्यांचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कौतुक वाटलं. सगळ्यांसमोर मी रुमालानं त्याची जीभ पुसली.

“मुलाला अजिबात वळण नाही,” बाई साडी झटकत म्हणाल्या.

“त्याला आहे. तुला लागलं नाही.”

चट्टे परत आले नाहीत, म्हणून आम्ही पुढे गेलो. दुधानं काही झालं नाही. गव्हानंही नाही, पाव परत मिळाला तेव्हा तो पावाला ‘थँक यू’ म्हणाला. मग अंडं दिलं, आणि संध्याकाळपर्यंत कोपरं लालभडक. सापडलं. तुमच्या आईला फोन केला, तर ती रडायलाच लागली.

नणंदेला कळलं तेव्हा ती म्हणाली, “अंडंच होतं ना? मग केकवरून एवढा तमाशा कशाला? केकमध्ये अंडं कुठं दिसतं?”

अशी माणसं तुमच्या तिथे नसतील असं समजू नका. थोरल्या, शाळेत कोणाच्या वाढदिवसाचा केक आला तर आधी विचारायचं, आणि उत्तर देणारा अडखळला तर हात मागे घ्यायचा. धाकटे, तो विसरेल. तू विचार.