परबकाकांची शिसवी मूठ

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. कुठल्या गिऱ्हाइकाला काय थाप मारली, सागाच्या नावाखाली कधी दुसरंच लाकूड खपवलं, डॉक्टरांना बिड्यांचा आकडा किती कमी करून सांगितला — सगळं. हे एक सोडून. हे तिला सांगितलं नाही, कुणालाच नाही. तुम्हाला तरी पुरतं सांगेन का? बघू. सुरुवात तर केली आहे.

मुलुंड पूर्वेला माझं छोटं दुकान आहे. देव्हारे, चौरंग, पाट. कामात हात चांगला, पण वेळेच्या नावाने बोंब — हे सगळी गल्ली सांगेल. गणपतीसाठी सांगितलेला चौरंग मी दिवाळीला दिलेला आहे. ‘उद्या या’ हे माझं ठरलेलं उत्तर. लोक चिडतात, शिव्या घालतात आणि पुन्हा माझ्याकडेच येतात. त्याचा मला माज होता. का नसावा? हाताला कसब असलेल्या माणसाचं सगळं खपवून घेतात.

परबकाका आमच्या मागच्या बिल्डिंगमधले. एका कंपनीत सिक्युरिटीचे साहेब होते, रिटायर झाले. वडिलांपासून आलेलं एक रिव्हॉल्वर त्यांच्याकडे होतं, लायसनचं. जुन्या पद्धतीचं — दर गोळीआधी मागचा घोडा अंगठ्याने ओढून ठेवायचा, मगच चाप चालतो. काकांना झटका येऊन गेला आणि उजवा हात अर्धाच परत आला. पकड निसटायची, अंगठा घोड्यापर्यंत पोचायचा नाही, आणि डाव्या हाताने हत्यार धरणं त्यांना मान्य नव्हतं. एका दुपारी काठी टेकत ते दुकानात आले आणि म्हणाले, माझ्या या हाताला बसेल अशी मूठ करून दे.

मूठ म्हणजे काय — लाकडाच्या दोन फाका, शेंगेच्या टरफलांसारख्या, आणि मधून एक स्क्रू. रिव्हॉल्वर दुकानात ठेवून घेणं शक्यच नव्हतं. काकांच्या घरी जाऊन मी जुन्या फाका काढल्या आणि लोखंडाचा आकार कागदावर उतरवून घेतला. शाडूचा गोळा त्यांच्या हातात दिला, म्हटलं, दाबा. बोटं जिथे जिथे रुतली, तिथे तिथे मला लाकूड खोदायचं होतं. घरच्या मोडक्या पलंगाचा शिसवी पाय त्यांनी काढून दिला. जुन्या फाकाही मीच घेऊन आलो. मागे उरला नुसता लोखंडी सापळा — काकांच्या त्या हाताला तो धरवतसुद्धा नव्हता.

दोन दिवसांनी काकी आली. त्यांची बायको. हातात भाजीची पिशवी, ती खाली ठेवली नाही, बसलीही नाही. काका दिवसभर खिडकीत बसून, तो सापळा मांडीवर ठेवून, घोडा ओढायचा प्रयत्न करतात, म्हणाली. बिल्डिंग पाडून नवी बांधायची म्हणून कमिटीशी भांडण, मुलीशी भांडण, आणि दर भांडणानंतर एकच वाक्य — एकदा सगळंच संपवून टाकतो. कुणाला संपवणार? तिला ठाऊक नव्हतं. निवडणूक लागली होती. अशा वेळी लायसनवाल्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, आणि जमा करायला पंधरा दिवस उरले होते. एकदा ते तिथे गेलं की मुलगी परत घरी येऊ देणार नव्हती. लायसन रद्द करायचा अर्ज तिने लिहूनच ठेवला होता.

"तू सगळ्यांकाच फिरवतंस मा रे?" काकी म्हणाली. "तसोच ह्यांका पण फिरव. पंधरा दिस. माका दुसरा काय नको."

बघा, काय मागितलं तिने? खोटं बोल असं नाही, काम बिघडव असंही नाही. मी आयुष्यभर जे फुकटात करत आलो तेच मागितलं. मी म्हटलं, "काकी, बिनधास्त जा. माझा उद्या कधी उजाडलाय?" ती हसली. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसली.

आणि मी ती मूठ चौथ्या दिवशी पुरी केली.

का? हाच प्रश्न आहे ना? मी तो स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याची लाजही वाटत नाही. एवढंच सांगतो — तसं काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. देव्हारा कुणीही करील. इथे प्रत्येक बोटाची जागा वेगळी. अंगठ्याखाली मी एक उंचवटा ठेवला होता, अगदी थोडा, म्हणजे तो लुळा अंगठा आपोआप वर उचलला जाईल. कानस मारायची, हात फिरवायचा, पुन्हा कानस. चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, सात हात दिले. शिसवाची काळी रेघ दोन्ही फाकांवर समोरासमोर आली. तीन दिवस ती फडक्यात गुंडाळून खणात ठेवली — आणि दर तासाला काढून पाहिली. दाखवायची कुणाला? ज्या हातासाठी केली, तो हात शंभर पावलांवर होता.

गुरुवारी सकाळी मी ती घेऊन गेलो. काकांनी बोलावलं नव्हतं. मी गेलो. आणि गुरुवारच का — तेही सांगायला हवं. गुरुवारी सकाळी काकी मठात जाते, हे मला पक्कं माहीत होतं.

नुसती लावून बघू, अंगठा पोचतो का पाहू आणि काढून परत आणू, असं मी जिना चढताना स्वतःला सांगत होतो. मूठ लावली. काकांनी हातात घेतली. अंगठा त्या उंचवट्यावर बसला, वर सरकला आणि घोडा मागे आला. खट्. एवढासा आवाज. काका रडायला लागले. "सुधीर, माझा हात दिलास रे परत," म्हणाले. त्यानंतर मी ती काढून आणू शकलो असतो? शकलो असतो. म्हातारा, आजारी माणूस — मला काय अडवणार होता? मी चहा घेतला आणि घरी आलो.

शनिवारी काकीने ते रिव्हॉल्वर त्यांच्या हातून हिसकायचा प्रयत्न केला. गोळी तिच्या उजव्या तळहातातून गेली. तीन बोटं काढावी लागली. काकांनी ते कुणासाठी उचललं होतं, स्वतःसाठी की आणखी कुणासाठी, हे ती आजतागायत सांगत नाही. त्याच दिवशी काकांना दुसरा झटका आला, वाचा गेली, आणि वर्षभरात ते गेले.

हॉस्पिटलात काकीने मला एकच विचारलं — मूठ त्यांच्याकडे आली कशी? मी म्हणालो, काका स्वतः दुकानात आले, माझ्या हातातून ओढून घेऊन गेले, मी नको नको म्हणत होतो. किती सहज आलं ते तोंडात! तयारीसुद्धा करावी लागली नाही. मला खोटं पाडू शकणारा एकच माणूस होता आणि तो बोलू शकत नव्हता. काकीने डाव्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू तरी काय करतलंस," म्हणाली. अजून ती लोकांना सांगते — सुधीरने माझ्यासाठी खूप थांबवून धरलं होतं. माझ्या देखत सांगते. मी मान खाली घालतो आणि लोकांना वाटतं, भला माणूस.

इथे थांबता आलं असतं. पण खरी गोष्ट अजून राहिलीच आहे.

गोळी सुटली त्याच शनिवारी संध्याकाळी पोलिसांनी मला जबाबाला बोलावलं होतं. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत ते रिव्हॉल्वर होतं. काकी तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होती, मला माहीत होतं, तिची मुलगी फोनवर रडलेली मी ऐकली होती. एका हवालदाराने पिशवी उचलली, दिव्याखाली इकडून तिकडे फिरवून पाहिली आणि विचारलं, "ही मूठ कोणी केली?"

"मी."

"झकास काम आहे यार."

माझा ऊर भरून आला. हो — तिथे, त्या खोलीत. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना समजावून सांगू लागलो: लाकूड कोणतं, रेघ कशी जुळवली, चपडा सुकायला किती वेळ द्यायचा. अंगठ्याखालचा उंचवटा मी पिशवीवरून बोट ठेवून दाखवला. त्यांनी आणखी एकाला हाक मारून बोलावलं, आणि त्याच्यासाठी मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.