राजश्रीच्या तव्यावरची सुकट

शनिवार, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. राजश्री बनसोडे पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवते आणि तव्याशेजारी मूठभर सुकट काढून ठेवते. दहा मिनिटांनी जपानमधल्या नागोया शहरातल्या एका शाळेचा वर्ग तिचं स्वयंपाकघर पाहणार आहे.

राजश्री बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. जपानी ती मोबाईलवर शिकली. सरावात हारुका ही तिकडची विद्यार्थिनी भेटली. हारुकाच्या शहरात परदेशी कामगारांची कुटुंबं वाढत होती, पण शाळेतली मुलं त्यांच्याशी बोलत नव्हती. म्हणून दोघींनी उपक्रम काढला: महिन्यातून एकदा या मुलांना परदेशातल्या एका घरातली सकाळ दाखवायची. या वेळी पाळी सोलापूरची होती.

घर लहान, म्हणून कॉलेजने हॉल देऊ केला. मग समन्वयक सरांनी बेत विचारला.

"सुकट? अगं, काहीतरी भारतीय दाखव. पुरणपोळी, रांगोळी."

"सर, मग आम्ही कुठले?"

"वाद नको. कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे."

"घर माझं आहे, सर."

राजश्रीची आई विठाबाई आठवडी बाजारांत सुकी मासळी विकते. घर त्यावरच चालतं. शुक्रवारी सरांनी हॉल काढून घेतला आणि कार्यक्रम रद्द झाल्याचा मेल थेट हारुकाला पाठवला. हारुकाने घाबरून विचारलं. राजश्रीने कळवलं, "रद्द कॉलेजने केलाय. मी नाही. घरूनच दाखवते."

आता शेजारच्या सावित्रम्मा दारातून डोकावतात. "काय गं, जपानपर्यंत वास धाडतीस काय?"

"फोनातनं वास गेला असता तर लई गिऱ्हाईक मिळालं असतं की," विठाबाई म्हणते.

साडेसातला पडद्यावर वर्ग दिसतो. विठाबाई सुकटीतली वाळू कशी पाखडायची ते दाखवते, राजश्री ती तव्यावर परतत जपानीत सांगत जाते. एक मुलगा म्हणतो, आजोबांकडे न्याहारीला सुका मासा असतो. एक मुलगी नाक मुरडते. तिला मासे आवडत नाहीत. तीच विचारते, "शेजाऱ्यांना चालतं?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं.

"सगळ्यांना नाही," राजश्री म्हणते. "आधीच्या घरमालकाने वासाचं कारण सांगून खोली सोडायला लावली. दोन वर्षं आम्ही तिथे हेच शिजवत होतो. आमची जात कळल्यावर त्याला वास यायला लागला."

जात म्हणजे काय, हे तिला वेगळं सांगावं लागतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा हात वर करतो. त्याच्या इमारतीत एक नेपाळी कुटुंब आहे. त्यांच्या स्वयंपाकाच्या वासाबद्दल रहिवाशांनी अर्ज केलाय. अर्जावर त्याच्या आईची सही आहे.

"वास खरंच येतो?" राजश्री विचारते.

"माहीत नाही. मी त्या मजल्यावर कधी गेलो नाही."

राजश्री गॅस बंद करते, सुकट भाकरीवर वाढते आणि सगळ्यांसमोर जेवते.

नऊ वाजता सरांचा मेसेज येतो: रद्द केलेला कार्यक्रम केल्याबद्दल सोमवारी लेखी माफी, नाहीतर उपक्रमाला कॉलेजचं नाव मिळणार नाही. ती उत्तर टाइप करते: "माफी लिहिणार नाही. नाव तुमच्याकडेच ठेवा, सर. सोलापूरची पुढची पाळीही इथूनच." मग ती आईबरोबर पोती भरायला बसते.

उद्या रविवार, सांगोल्याचा बाजार. पहाटेच्या एसटीत कंडक्टर नेहमीप्रमाणे वासाचं नाव काढून मागे बसायला सांगेल. पोत्यांचं लगेज तिकीट काढून मायलेकी पुढच्याच सीटवर बसतील.