जर्मन घराच्या विंगेत अण्णा

"घाबरू नका, मागं मी आहे." तोंडाशी आडवा हात धरून, ओठ फारसे न हलवता अण्णा हे म्हणायचे. धारवाडजवळच्या आमच्या गावी, लॅमिंग्टन रोडवरच्या कापडदुकानात दोन साड्यांमध्ये अडकलेली बाई गप्प झाली, की बाजूने हलकेच आवाज यायचा, "हिरवी." बाई हिरवी घेऊन जायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसरा बोलता बोलता थांबला की यांना राहवत नाही. अण्णांचं तर ते कामच होतं. सगळी जवानी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून गेली. नाटक कानडी असो की मराठी, विंगेत उभं राहून नटाला विसरलेलं वाक्य पुरवायचं. कंपनी मोडली, अण्णा दुकानात लागले, सवय गेली नाही. मला बघायला आलेला मुलगा पोहे खाता खाता अडखळला, तेव्हा शेजारच्या दारातून अण्णाच म्हणाले, "शिक्षण विचार." मी बी.कॉम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ते सगळ्या गल्लीला पुन्हा एकदा ऐकू जावं, एवढाच त्यांचा हेतू.

तारिहाळच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर मी समाजाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी बाहेरदेशचे सिनेमे दाखवायचं काढलं. पहिलाच निवडला जुना जर्मन, काळा-पांढरा, सगळा एका घरात घडणारा. सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं, लोक मध्येच उठून गेले तर पुढच्या रविवारपासून हॉल भजनी मंडळाला.

सिनेमा सुरू झाला. नवरा, बायको, सासू, चहाचं टेबल. बायको खिडकीपर्यंत जाते, वळते आणि उभी राहते. नवरा पाइप ओढतो. कुणी बोलेचना. मागच्या खुर्च्या करकरल्या, दोघेतिघे उठले. सेक्रेटरींनी हातातल्या किल्ल्या वाजवल्या.

तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "काल कुठं होतात तुम्ही?"

नटी वाक्य विसरली, असं अण्णांना खरंच वाटलं होतं! आणि नेमकं तेव्हाच पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं. खाली इंग्रजीत उमटलं, चहा गार झाला. अण्णांचं साफ चुकलं होतं, पण उभे राहिलेले खाली बसले.

मग काय विचारता! जिथे पडद्यावर सगळे थांबत तिथे अण्णा पुरवत, कधी मराठीत, कधी कानडीत. एक मावशी ओरडल्या, अण्णा, सासूलापण काहीतरी द्या की. सासूला त्यांनी अस्सल धारवाडी टोमणा दिला, हॉल हसून लोटपोट. खाली तसं लिहिलेलं नाही, हे मी सांगणार होते. पण माझंही लक्ष आता त्यांच्या पुढच्या वाक्याकडे लागलं होतं.

शेवटी बायको बॅग घेऊन दारापर्यंत गेली, वळली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. किती वेळ! सगळा हॉल मागे वळून अण्णांकडे बघायला लागला. अण्णांनी तोंडाशी धरलेला आडवा हात खाली घेतला.

"हेळ्री अण्णा," सेक्रेटरीच म्हणाले, "सांगा की, काय म्हणते ती?"

"ती विसरलेली नाही," अण्णा या वेळी मोकळ्या आवाजात म्हणाले. "तिला बोलायचं नाही."

मग कुणी हललंसुद्धा नाही. एक शब्द न बोलता ती गेली, दार लागलं. दिवे लागल्यावर सेक्रेटरींनी विचारलं ते एवढंच, पुढच्या रविवारीपण जर्मनच आहे का.

अण्णा मागच्या वर्षी गेले. परवाच्या रविवारी तोच सिनेमा मी पुन्हा लावला. हॉल भरला होता. चहाच्या टेबलाजवळून बाई खिडकीपर्यंत गेली, वळली, थांबली. आम्हीही सगळे थांबलो. पडद्यावरच्या त्या घरात कुठेतरी भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं, टक टक, चांगलं मोठ्याने. मागच्या वेळी अण्णांच्या आवाजाखाली ते कुणाला ऐकूच आलं नव्हतं.